शेजाऱ्याच्या दृष्टीस पडणारा धर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत माले, तालुका मुळशी, येथील मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मागील पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडण्याची चाल आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, देवळाचें छप्पर केव्हां घातलें, घंटा कोणीं अर्पण केली, हें सर्व महोत्सवाच्या पुस्तकांत यथास्थित येईलच, आणि तें यावें हें योग्यहि आहे. आम्हांस आज नेमून दिलेला विषय मात्र या जमाखर्चांत बसणारा नाहीं. ख्रिस्ती माणसाच्या आचरणाचा त्याच्या शेजाऱ्यावर कोणता परिणाम होतो, हा तो विषय. या खात्याची वही आपल्यापाशीं नाहीं. ती शेजाऱ्यापाशीं असते, आणि तो ती आपल्यास क्वचितच दाखवितो.

प्रथम ‘जुबिली’ हा शब्दच पाहूं. तो हिब्रू भाषेंतील ‘योबेल’ या शब्दावरून आला आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग; तें फुंकून पन्नासाव्या वर्षाची द्वाही फिरवावयाची असे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्या वर्षाचे नियम दिले आहेत. शेत पडीक ठेवावें, दारिद्र्यापायीं स्वतःस विकून घेतलेला बंधु मोकळा व्हावा, आणि ज्यानें अडचणींत जमीन विकली असेल त्याची वडिलार्जित जमीन त्याला परत मिळावी, असे ते नियम. इतकेंच नव्हे, तर पुढील योबेल किती वर्षांनीं येणार हें पाहून जमिनीची किंमत ठरवावयाची. म्हणजे खरें पाहतां जमीन विकलीच जात नसे, तिच्यावरील तितक्या वर्षांचीं पिकें विकलीं जात. याचें कारणहि तेथेंच सांगितलें आहे: जमीन परमेश्वराची आहे, आणि माणसें तिच्यावर पाहुणीं आहेत. हे नियम इस्राएलांत प्रत्यक्ष कितपत पाळले गेले याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु पन्नासाव्या वर्षीं देवाच्या लोकांनीं काय करावें याचें जें चित्र शास्त्रानें रेखाटलें आहे, त्यांत मध्यभागीं शेजाऱ्याची जमीन आहे. पताका आणि बँड हे आपण मागाहून जोडले. त्यांस आमची हरकत नाहीं.

हें आम्ही माले येथें बोलत आहों, आणि ही जागा या विषयास परकी नाहीं. पिरंगुट, पौड करीत आपण येथें आलांत. धरणाच्या पाण्याचा विस्तार पाहून आपणांस आनंद होतो, तसा आम्हांसहि होतो. त्या पाण्याखालीं शेतें आणि गांवठाणें आहेत. मुळा व निळा या नद्यांच्या खोऱ्यांत टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मुळशी पेट्यांतील ५० हून अधिक गांवांवर पाणी येणार हें ठरलें. आंबेमोहोर तांदुळाचें हें खोरें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापति’ म्हणूं लागले ते याच लढ्यापासून, आणि याच लढ्यापायीं त्यांनीं तुरुंगवास भोगला. सरकारनें १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या बाजूस उभा केला. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन आधींच पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. सावकारांचा प्रश्न मोबदल्याच्या रकमेचा होता, तर जीं कुळें पिढ्यान् पिढ्या त्या चिखलांत राबलीं त्यांचा प्रश्न जमिनीचाच होता. दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९२४ नंतर लढा संपला. सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें कोंकणांत भिरा येथें नेलेलें हें पाणी १९२७ पासून वीज देऊं लागलें, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांस व शहरास मिळाली. तिचा उजेड मुंबईच्या ज्या ज्या देवळांत पडला असेल, तेथें कोणीं ‘हा उजेड कोणाच्या शेतावरून आला?’ असें विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि वरवर पाहतां त्या एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत तो म्हणतो कीं, तुमचा प्रकाश लोकांपुढें पडूं द्या, म्हणजे तुमचीं सत्कृत्यें पाहून ते स्वर्गांतील पित्याचा गौरव करतील. लगेच सहाव्या अध्यायांत तो बजावतो कीं, लोकांनीं पाहावें म्हणून धर्माचरण करूं नका. मग सत्कृत्य दिसावें कीं दिसूं नये? आम्हांस असें वाटतें कीं, जें कृत्य दाखविण्यासाठीं केलें जातें तें शेजाऱ्याला लगेच ओळखूं येतें, आणि तो त्याची किंमत शून्य धरतो. त्याच्या मनावर जें उमटतें तें निराळेंच असतें. उधारी वेळेवर फेडली कीं नाहीं, भांडणांत आवाज कसा चढला, घरच्या कामवालीला चहा कोणत्या कपांत दिला, दारू पिऊन कोण कोणत्या वेळीं घरीं आला, हें तो पाहत असतो. आपण दाखवीत नसतों तेव्हां तो पाहतो. दोन्ही अध्याय येथें एकत्र येतात.

याच ठिकाणीं एका कटु गोष्टीचा उल्लेख करणें भाग आहे. आज पुष्कळ शेजाऱ्यांच्या मनांत आपल्या सेवाकार्याविषयीं शंका असते. शाळा, दवाखाना, दुष्काळांतील धान्य, या सर्वांच्या मागें धर्मांतराचा हेतु आहे असें त्यांस वाटतें, आणि आपण त्यामुळें दुखावतों. दुखावणें साहजिक आहे. परंतु आपला चांगुलपणा हा गळाला लावलेलें आमिष असेल, तर शंका घेणाऱ्याला दोष कसा द्यावा? चांगल्या आचरणानें शेजारी ख्रिस्ती होईल अशी मनांत अट ठेवून केलेलें आचरण हा सौदा आहे. ज्या जखमी प्रवाशाला शोमरोनी माणसानें वाटेंत उचललें, त्याला त्यानें आपल्या देवळांत येण्यास सांगितल्याचें संत लूकनें लिहिलेलें नाहीं. त्यानें धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक लागल्यास परत येतांना देईन म्हटलें. शिवाय या दाखल्यांत एक खोंच आहे ती आपण नेहमीं विसरतों. ऐकणारे यहुदी होते, आणि चांगलें उदाहरण घालून दिलें तें त्यांनीं तुच्छ लेखलेल्या परधर्मी शेजाऱ्यानें. तेव्हां शेजाऱ्यास उदाहरण घालून देण्याच्या गोष्टी बोलतांना, तोच आपणांस उदाहरण घालून देत नसेल ना, हेंहि पाहिलें पाहिजे.

आपल्या इतिहासांत दोन्ही प्रकारचे नमुने आहेत. गोव्यांतील साष्टी प्रांतांत १५६७ सालीं राज्यसत्तेच्या बळावर शेजाऱ्यांचीं देवळें पाडण्यांत आलीं. त्याची आठवण चारशें वर्षांनींहि बुजलेली नाहीं, आणि ती बुजावी अशी अपेक्षा करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. त्याच साष्टींत १५७९ मध्यें गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें बहुतेक आयुष्य घालविलें. ते १६१९ सालीं वारले. ज्या भाषेला त्या वेळचे राज्यकर्ते हलकी समजत, ती भाषा ते शेजाऱ्यांच्या तोंडून शिकले, तिच्यावर लुब्ध झाले, आणि १६१६ मध्यें त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत छापून निघालें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ आहे. त्यांनीं ओवीच कां निवडली? कारण शेजारी ओवी ऐकत होते, ओवी म्हणत होते. प्रभूची कथा सांगण्यापूर्वीं या परदेशी धर्मगुरूनें पुष्कळ वर्षें केवळ ऐकलें असलें पाहिजे. त्यावांचून अशी मराठी येत नाहीं. सत्तेचा आधार घेतलेल्या धर्माची कटु आठवण आजहि काढली जाते, आणि त्याच मातींतील ‘ख्रिस्तपुराण’ मराठी साहित्याचा कोणताहि विद्यार्थी, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, आपलें म्हणतो.

ओवीची गोष्ट निघाली म्हणून या तालुक्यांतील एक हकीकत सांगितली पाहिजे. फ्रान्समधून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हें काम मुळशींतील डोंगरी गांवांतून वाढत गेलें आणि शेवटीं हजाराहून अधिक गांवांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पहांटे दळण दळतांना बाई आईविषयीं, भावाविषयीं, सासरच्या जाचाविषयीं, सीतेच्या वनवासाविषयीं, आंबेडकरांविषयीं जें म्हणे, तें तिच्या घरच्या पुरुषानेंहि कधीं मन लावून ऐकलें नव्हतें. प्वातवाँ २००४ सालीं वारले. आम्ही हें उदाहरण देतों तें एवढ्याचसाठीं कीं, या डोंगरांतील बाईला आजवर सांगणारे पुष्कळ भेटले, ऐकून घेणारे थोडे भेटले. पुण्यांतच फादर मॅथ्यू लेडर्ले हे जर्मन येशूसंघीय शनिवार पेठेंतील स्नेहसदनांत राहिले, ज्ञानदेव-तुकारामांचा आणि महाराष्ट्रांतील विचारपरंपरेचा अभ्यास केला, आणि पेठेंतील विद्वानांशीं शेजारी म्हणून बोलले. फादर गी देलरी हे वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट पायीं चालले. विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० सालीं डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केला. आपल्यांतील किती जणांनीं आळंदीची पालखी आपल्या रस्त्यावरून जातांना वाहतूक अडली म्हणून कपाळास आठ्या घातल्या आहेत, हें ज्याचें त्यानें आठवावें.

कोणी म्हणतील कीं हीं सर्व पंडितांचीं उदाहरणें झालीं. संसारी माणसानें काय करावें? त्यासाठीं आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत. ते पंडित नव्हते, धर्मगुरुहि नव्हते. कांहीं काळ त्यांनीं व्यापार केला, जपानी भाषा आत्मसात केली, लोकांशीं स्नेह जोडला. पुढें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले, आणि १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेले. तेथें त्या संघानें कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर खिळून मारलें, आणि १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. आपण त्यांच्या क्रुसाचें चित्र भिंतीवर लावतों. परंतु त्या क्रुसापूर्वीं व्यापारांत, दुसऱ्याची भाषा बोलण्यांत आणि रोग्यांच्या सहवासांत गेलेलीं जीं वर्षें, त्यांचें चित्र कोणी काढीत नाहीं. शेजाऱ्यांनीं त्यांना ओळखलें तें त्या वर्षांत.

पुरातन काळींहि हेंच घडलें. चौथ्या शतकांतील रोमन बादशहा जुलियन हा ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळला होता. त्यानें आपल्या एका पुरोहितास लिहिलेल्या पत्रांत अशी तक्रार केली कीं, हे गालिली लोक आपल्या गरिबांस तर पोसतातच, वर आमच्याहि गरिबांस पोसतात. विरोधकाच्या लेखणींतून उतरलेलें असें प्रशस्तिपत्र आपल्यास आज कोण लिहून देईल? परमगुरुस्वामी पोप सहावे पौल यांनीं १९७५ च्या आपल्या पत्रांत हाच आशय मांडला कीं, आजचा मनुष्य गुरूंपेक्षां साक्षीदारांचें अधिक ऐकतो, आणि गुरूंचें ऐकलेंच तर ते साक्षीदार असतात म्हणून.

अगदीं आपल्या डोळ्यांदेखतचें उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी पट्टी बिल्डरांच्या घशांत जाऊं लागली, विहिरींचें पाणी टँकरनें उपसलें जाऊं लागलें, तेव्हां फादर दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें लढा दिला. तो लढा ख्रिस्ती लोकांच्या वाड्यांपुरता नव्हता. विहीर आटली म्हणजे ती सर्वांचीच आटते. म्हणून हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती एका मोर्चांत चालले. धाकदपटशा झाला, तरी ते मागें हटले नाहींत. पुढें ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरु म्हणून कांहींनीं त्या निवडीस विरोध केला. परंतु ज्या मराठी शेजाऱ्यांनीं त्यांस निवडून दिलें ते त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. २५ जुलै २०२४ रोजीं ते प्रभूघरीं गेले. त्यांच्या लढ्याचा विषय पाणी आणि जमीन हा होता, हें येथें मुळशींत विसरून चालणार नाहीं.

कारण या खोऱ्यांत आतां दुसरें पाणी शिरत आहे. गुंठ्यागुंठ्यानें जमीन विकली जात आहे. पुण्या-मुंबईचे लोक येथें फार्महाऊस बांधतात, आणि त्यांत आपल्या धर्मग्रामांतीलहि कांहीं कुटुंबें आहेत; कोणीं घर बांधलें आहे, कोणीं नुसता प्लॉट घेऊन ठेवला आहे. जमीन घेणें हें पाप नव्हे. परंतु येथील मनुष्यास ख्रिस्ती माणसाचें पहिलें दर्शन जर खरेदीदार म्हणून होणार असेल, तर तें कसें होतें हा आपल्या धर्माचा प्रश्न आहे. म्हणून कांहीं रोखठोक बोलतों. राग येऊं नये.

सातबाऱ्यावर ज्यांचीं नांवें आहेत त्या सर्वांस विचारून व्यवहार झाला, कीं एजंटानें दारूच्या बाटलीवर थोरल्या भावाचा अंगठा घेतला आणि बहिणींस कळलेंहि नाहीं? कागद कायदेशीर आहे एवढ्यानें भागत नाहीं. मुळशीचें धरणहि कायदेशीरच होतें. कुंपण घातलें तेव्हां गुरांची वहिवाटीची वाट बंद झाली काय? बांध कोरून दोन फूट जागा आपल्याकडे आली काय? बोअर चारशें फूट खोल गेली, आणि खालच्या अंगाची जुनी विहीर चैत्रांत आटूं लागली, तर ती कोणाची विहीर आहे हें आपण पाहण्यास गेलों काय? राखणदार ठेवला त्याचा पगार दर महिन्यास मिळतो, कीं आपण इकडे येऊं तेव्हां मिळतो? संत याकोबानें आपल्या पत्रांत लिहिलें आहे कीं, शेतांत राबलेल्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानीं पोहोंचते. पोप तेरावे लिओ यांनीं १५ मे १८९१ रोजीं कामकऱ्यांविषयीं जें विश्वपत्र काढलें, त्यांतहि सांगितलें आहे कीं मजूर राजी झाला एवढ्यानें मजुरी न्याय्य ठरत नाहीं. त्याला काटकसरीनें निर्वाह करतां येईल इतकी ती असली पाहिजे. आधीं मजुरी पुरती द्यावी, मग नाताळांत ब्लँकेटें वांटावीं. उलट क्रम आम्हांस पटत नाहीं, आणि ज्याला ब्लँकेट मिळतें त्यालाहि पटत नाहीं. तो फक्त बोलून दाखवीत नाहीं.

या गांवांच्या कडेस कातकऱ्यांचीं घरें आहेत. पुष्कळांच्या पायाखालची जागाहि त्यांच्या नांवावर नाहीं. आपल्यांतील कित्येक कुटुंबांचीं मुळें नगर जिल्ह्यांतील केंदळ, संगमनेरकडील खेड्यांत आहेत, जेथें फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें. त्या खेड्यांत आपल्या पणज्यांना गांवच्या पाणवठ्यावर पाणी भरूं दिलें जात नसे, हें घराघरांत सांगितलें जातें. त्यांच्याच पणतवानें कातकऱ्याच्या पोराला ‘नळाला हात लावूं नकोस’ म्हणावें, याहून मोठी शोकाची गोष्ट आम्हांस ठाऊक नाहीं. आणि वसईकर, गोवेकर, नगरकर असे जे आपण देवळांतहि वेगवेगळ्या बाकांवर बसतों, सोयरिकीच्या वेळीं जात विचारतों, तेंहि शेजारी पाहतातच. ‘तुमच्यांत जात नसते ना?’ असें कोणीं विचारलें म्हणजे आपण घाईनें विषय बदलतों.

लेवीय ग्रंथांतील योबेलाप्रमाणें पाण्याखालची जमीन कोणास परत देतां येणार नाहीं. परंतु आपल्या कुंपणांत आलेली वाट परत देतां येईल, थकलेला पगार याच महिन्यांत चुकता करतां येईल, बोअरचा एक नळ कुंपणाबाहेर काढतां येईल. महोत्सवाच्या निधींतून काय करावें याचा विचार चालू आहे असें ऐकतों. देवळाच्या दर्शनी भागास संगमरवर लावण्याची सूचना आली आहे. तिच्याविरुद्ध आम्हीं मत दिलें आहे, तें येथें उघडपणें सांगतों; त्याऐवजीं ज्या विहिरी आपल्या बोअरिंगमुळें आटल्या असतील त्यांचा गाळ काढून द्यावा, आणि तो काढतांना आपल्या नांवाची पाटी लावूं नये, असें आमचें म्हणणें आहे.

मिस्सेनंतर भोजन आहे. त्याचा तांदूळ याच खोऱ्यांतून घेतलेला आहे आणि स्वयंपाकास गांवांतील बायका आल्या आहेत. पहिली पंगत आपली व मागाहून कामकऱ्यांची, अशी व्यवस्था ठरल्याचें कळतें. ती बदलून सर्वांची पंगत एकच मांडावी, आणि वाढण्याचें काम आपल्यांतील तरुणांनीं घ्यावें, अशी पूज्य धर्मगुरूंस व व्यवस्थापक मंडळीस आमची विनंति आहे.